ओग्यूस्त एस्कोफिए: मदर सॉस, स्टॉक आणि आजचं हॉटेलचं किचन

मंद_आच

केटरिंगच्या पहिल्या वर्षात फ्रेंच शेफ एस्कोफिए हे नाव दोन ठिकाणी भेटतं. ‘पाच मदर सॉस’ची (ज्यांच्यावरून बाकीचे सॉस बनतात त्या मूळ सॉसांची) यादी पाठ करताना, आणि किचनमधल्या हुद्द्यांचा तक्ता वहीत उतरवताना. परीक्षा झाली की माणूस गळून पडतो, यादी तेवढी उरते. म्हणून हा धागा. फ्रेंच जेवणाचं कौतुक हा विषय नाही. या माणसाने नेमकं काय बदललं आणि त्यातलं आज ओट्यावर काय चालतं, एवढंच बघायचंय.

जन्म २८ ऑक्टोबर १८४६, नीसजवळच्या व्हिलनव्ह-लूबे गावात. वडील लोहार. तेराव्या वर्षी नीसमध्ये काकाच्या रेस्तराँत उमेदवारी. १८६५ मध्ये पॅरिसला ‘पती मूलँ रूज’मध्ये. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्याचा आचारी होता. मेत्झच्या वेढ्यात रसद संपली आणि घोड्याचं मांस शिजवायची पाळी आली. अन्न टिकवणं आणि डबाबंद करणं यात त्याने पुढे जो रस घेतला त्याचं मूळ इथे आहे. १८८४ मध्ये माँटे कार्लोच्या ग्रँड हॉटेलात हॉटेल-व्यवस्थापक सेझार रिट्झशी गाठ पडली. रिट्झने बाहेरचं सांभाळायचं, याने आतलं, अशी जोडी जमली. १८९० ला दोघे लंडनच्या सॅव्हॉयमध्ये, १८९८ ला पॅरिसचं रिट्झ, १८९९ पासून लंडनचं कार्लटन. कार्लटनमध्ये तो १९२० पर्यंत होता. मृत्यू १२ फेब्रुवारी १९३५, माँटे कार्लो.

त्याच्याआधी मोठ्या किचनमध्ये प्रत्येक विभाग स्वतंत्र संस्थान असायचा. एकाच पदार्थाची सगळी अंगं एकच विभाग करायचा, तेच सॉस दोन-तीन जागी वेगवेगळे बनायचे. एस्कोफिएने पदार्थ फोडला आणि त्याचे तुकडे विभागांना वाटून दिले. नेहमी दिलं जाणारं उदाहरण ‘अंडी मायरबेअर’चं: बशीत शिजवलेली अंडी, भाजलेला कोकराचा गुर्दा आणि ट्रफलचा सॉस. एकाच माणसाने केलं तर पंधरा मिनिटं. नव्या पद्धतीत अंडी आंत्रमेतिए (भाज्या-अंड्यांचा आचारी) करतो, गुर्दा रोतिसर (भाजणारा) भाजतो, सॉस सोसिएकडे (सॉस करणाऱ्याकडे) तयार असतो. काही मिनिटांत बशी पासवर (जिथून वेटर ताटं उचलतो त्या ओट्यावर).

मात्र ही वाटणी चालायची तर सॉस आधीच तयार हवा, आणि सॉस तयार हवा तर स्टॉक (हाडं आणि भाज्या मंद शिजवून गाळलेलं पाणी) आदल्या दिवशी लागलेला हवा. हुद्द्यांचा तक्ता आणि मदर सॉस हे दोन वेगळे धडे नाहीतच, एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. कॉलेजात हे जोडून शिकवत नाहीत, तिथेच घोळ होतो.

किचनमधली दारू त्याने बंद केली, जागी बार्लीचं पेय ठेवलं. शिवीगाळ आणि आरडाओरडा यांवरही बंदी. (हा भाग आपल्याकडच्या बऱ्याच किचनांपर्यंत अजून पोचायचाय.) उंचीने बेताचा होता, म्हणून शेगडीच्या धगीपासून तोंड जरा वर राहावं यासाठी टाचेचे बूट घालायचा.

१९०३ मध्ये ‘ल गीद क्युलिनेर’ आलं. फिलेआस झिल्बेर आणि एमिल फेत्यू यांची मदत होती. पाच हजारांवर कृती, पण आपल्याला सवय आहे तशा नाहीत. एकेक कृती दोन-चार ओळींची: अमुक मासा असा शिजवा, अमुक सॉस घाला, वर हे ठेवा. सॉस कसा करायचा ते तिथे नसतं, पुस्तकाच्या सुरुवातीच्या प्रकरणात असतं. हे पुस्तक घरी बसून पानोपान करून बघायला घेतलं तर हाती काही लागत नाही. ते तयार स्टॉक आणि तयार सॉस समोर असलेल्या माणसासाठी आहे.

स्टॉक, सॉस, त्याच्यावरची टीका, सगळ्यावर लिहा. मापं देऊन लिहिलंत तर उत्तम.

केओटी_नं_४

चांगला धागा. हुद्द्यांबद्दल थोडी भर.

सोसिए सॉस आणि सोते (तव्यावर परतणं), पोआसोनिए मासे, रोतिसर भाजणं-तळणं, आंत्रमेतिए भाज्या-अंडी-सूप, गार्द माँजे थंड पदार्थ आणि कच्च्या मांसाची कापणी, पातिसिए गोड आणि बेकरी, तूर्नाँ म्हणजे ज्याची सुट्टी असेल त्याची जागा भरणारा. आपल्या पंचतारांकित हॉटेलात आज हे असंच्या असं नाही. ‘इंडियन’, ‘तंदूर’, ‘चायनीज’, ‘कॉन्टी’ (कॉन्टिनेंटल), ‘हलवाई’ असे विभाग झाले. पण सांगाडा तोच: शेफच्या हाताखाली सू शेफ (उपशेफ), मग सीडीपी (शेफ द पार्ती, विभागप्रमुख), डीसीडीपी (त्याचा दुय्यम), खाली कॉमी (मदतनीस) वन-टू-थ्री. रोस्टर लावणाऱ्याला विचारा, तूर्नाँशिवाय आठवड्याच्या सुट्ट्या बसत नाहीत.

दुसरं म्हणजे ऑर्डरचा कागद. त्याच्या व्यवस्थेत तीन प्रती निघायच्या: एक किचनला, एक वेटरकडे, एक कॅशियरकडे. आपली केओटी (किचन ऑर्डर तिकीट) ती हीच. कागदाच्या जागी आता प्रिंटर आणि स्क्रीन आलाय.

या व्यवस्थेत चूक होते ती बहुतेक वेळा पासवर. ऑर्डर पुकारणारा उलटा हिशेब करत नाही. एका टेबलाला सूफ्ले वीस मिनिटं, स्टेक विश्रांती धरून पंधरा, मासा आठ. तिन्ही एकदम पुकारले तर मासा बारा मिनिटं दिव्याखाली सुकतो. सूफ्ले ओव्हनमध्ये गेल्यावर पाच मिनिटांनी स्टेक, बाराव्या मिनिटाला मासा. विभागवाटणीने वेळ वाचतो खरा, पण जोडणारा माणूस ढिला असेल तर जुनी पद्धत परवडली असं वाटायला लागतं.

पाव_किलो

शंका. नेटवर कुठे पाच मदर सॉस, कुठे चार, कुठे सहा. परीक्षेला पाच लिहायचे ते ठीक. पण त्याने स्वतः किती लिहिलेत?

चाळणी

पाव_किलो, गोंधळ आवृत्त्यांमुळे आहे.

त्याच्याआधीचा फ्रेंच शेफ कारेम, त्याच्या मांडणीत चार होते: एस्पान्योल (तपकिरी स्टॉकचा), वलूते (पांढऱ्या स्टॉकचा), आलमांद, बेशामेल (दुधाचा). एस्कोफिएने आलमांदला मुख्य यादीतून काढलं, कारण ते वलूतेमध्ये बलक घालूनच होतं, आणि टोमॅटो सॉस आत घेतला. फ्रेंच पुस्तकात गरम सॉसचा पाया म्हणून एस्पान्योल, वलूते, बेशामेल आणि टोमॅटो धरलेत. हॉलंदेझ (बलक आणि लोण्याचा सॉस) तिथे लहान सॉसांच्या रांगेत आहे. मेयोनेझला मात्र थंड सॉसांची आई म्हटलंय. १९०७ ला संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती आली, तिच्यात हॉलंदेझ वर चढलं आणि मेयोनेझ मागे पडलं. आपल्याकडचा अभ्यासक्रम इंग्रजी वाटेने आला. दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ ची, तेव्हापासून जी पाठ्यपुस्तकं चालली ती सगळी इंग्रजीच. म्हणून आपली पाच.

माझं मत: यादी चारची की पाचची यावर भांडण्यात अर्थ नाही. एका मोठ्या पातेल्यातून किती सॉस निघतात ते बघा. बेशामेलचं एक लिटर घ्या. ५० ग्रॅम ग्रुयेर आणि ५० ग्रॅम पार्मेझान चीज घातलं की मॉर्ने. लोण्यावर मऊ केलेल्या कांद्याचा लगदा घातला की सूबीझ. साय घालून आटवलं की क्रीम सॉस. एस्पान्योलवरून डेमी-ग्लास, त्यावरून शास्यूर, बोर्दलेझ, रोबेर, मादेर. दुपारी एक पातेलं, संध्याकाळी आठ पदार्थ.

आणखी एक. त्याचं बेशामेल शाकाहारी नाही. दुधाच्या सॉसमध्ये तो लोण्यावर परतलेलं वासराचं मांस, कांदा, थाइम आणि जायफळ घालून तासभर शिजवायचा, मग गाळायचा. उपासाच्या दिवसांसाठी मांसाशिवायची सोय वेगळी दिलीय. टोमॅटो सॉसमध्येही खारवलेलं डुकराचं मांस आणि मैदा आहे. आपण ‘व्हाइट सॉस’ म्हणून करतो ती सरळ सोपी आवृत्ती: १ लिटर दूध, ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम मैदा, अर्ध्या कांद्याला टोचलेल्या दोन लवंगा. लोण्यात मैदा दोन-तीन मिनिटं, रंग न बदलता. दूध थोडं थोडं घालायचं. आणि उकळी आल्यावर किमान वीस मिनिटं मंद आचेवर. हेच सगळे टाळतात. सॉस पाच मिनिटांत दाट दिसतो, पण मैद्याचा कच्चेपणा जिभेला लागतो. तो वीस मिनिटांनीच जातो.

अर्धी_मूठ

स्टॉकबद्दल कुणी नीट लिहील का? व्हील (वासराचं मांस), बीफ शिन (बैलाच्या पायाची नळी) वगैरे वाचून काही उपयोग नाही, इथे मिळणार नाही. मटणावर होतं का?

चाळणी

होतं. महाराष्ट्रात गोवंशाची हाडं हा प्रश्नच नाही. गोव्यात बीफ मिळतं, पण वासराची हाडं तिथेही सहज नाहीत. व्हीलची हाडं का वापरायची? वय कमी, म्हणून सांध्यात कोलॅजेन भरपूर, आणि वास सौम्य. कोलॅजेन आपल्याला बोकडाच्या पायांतून आणि कोंबडीच्या पंजांतून मिळतं. वासाचा बंदोबस्त चरबी काढून करायचा.

ब्राउन स्टॉक, साधारण दोन ते सव्वादोन लिटर निघेल:

बोकडाची हाडं (मान, नळी, सांधे) सव्वा किलो. साफ केलेले पाये किंवा कोंबडीचे पंजे पाऊण किलो. कांदा १५० ग्रॅम, गाजर ७५, सेलरी ७५. टोमॅटो पेस्ट ४० ग्रॅम. पार्स्लेचे देठ, थाइमची काडी, एक बे लीफ, दहा मिरे. गार पाणी ४ लिटर. मीठ नाही.

हाडांवरची दिसेल ती चरबी कापून टाका. बोकडाचा उग्र वास मांसापेक्षा चरबीत असतो. हाडं एका थरात ट्रेमध्ये, २०० ते २१० अंशांवर पाऊण ते एक तास, मध्ये एकदा उलटून. हवा तो रंग गडद तपकिरी. एखादं हाड काळं झालं तर बाजूला काढा, तो कडवटपणा आटवताना दुप्पट-चौपट होतो. पाये किंवा पंजे भाजू नका, नुसते एक उकळी देऊन धुवा. त्यांचं काम चिकटपणा देणं, रंग नव्हे.

ट्रेमधली सगळी चरबी ओतून द्या. तळाला चिकटलेलं पाण्याने सोडवून पातेल्यात घ्या, अर्धा रंग तिथेच असतो. हाडांवर गार पाणी. गरम पाण्याने सुरुवात केली तर प्रथिनं एकदम घट्ट होऊन बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत राहतात आणि स्टॉक गढूळ होतो. गार पाण्यातून हळूहळू तापलं की फेसाच्या रूपात वर येतात आणि झाऱ्याने काढता येतात.

उकळी फुटायच्या आधीच आच कमी. पृष्ठभागावर दोन-चार बुडबुडे सावकाश यावेत, तापमान ९० अंशांच्या आसपास. खळखळून उकळलं की चरबी पाण्यात घुसळली जाते, मग गाळून, थंड करूनही निघत नाही. पहिल्या तासात फेस काढत राहा. भाज्या वेगळ्या तव्यावर तपकिरी करून, त्यातच टोमॅटो पेस्ट परतून (लालचा विटकरी होईपर्यंत, पुढे गेलात तर जळते) दोन तासांनी घाला. शेवटच्या तासात थाइम, पार्स्ले वगैरे जुडी.

एकूण वेळ: बोकड सहा ते सात तास, नुसती कोंबडी तीन ते चार, मासा वीस ते तीस मिनिटं. माशाचा स्टॉक अर्ध्या तासापुढे नेला तर कडवट होतो. तिथे ‘जास्त वेळ म्हणजे जास्त चव’ हे चालत नाही.

बे लीफच्या जागी आपलं तमालपत्र घालू नका. झाडच वेगळं, वास दालचिनी-लवंगेकडे जातो. सेलरी आपल्या बाजारातली पानांची आणि तीव्र असते, फक्त देठ घ्या. पार्स्ले नसेल तर वगळा, कोथिंबीर पर्याय नाही.

गाळताना पळीने हाडं दाबू नका. दुहेरी मलमलीतून आपोआप गळू द्या. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत थंड करा: ६० वरून २१ अंश दोन तासांत, तिथून पाचापर्यंत पुढच्या चार तासांत. पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी उकळून घेणं ही पद्धत सोडा. काही जंतूंची विषं उकळूनही जात नाहीत.

फ्रिजमध्ये जेलीसारखा थरथरला तर जमला. पातळ राहिला तर पाणी जास्त, सांधे कमी, किंवा वेळ कमी, यापैकी एक. चिंता नको, आटवा. मीठ म्हणूनच घालायचं नाही: चार लिटरचा एक लिटर केला की घातलेलं मीठ चौपट लागतं.

शिट्टीवाला

+१, तपशीलवार. कुकरमध्ये केला तर?

चाळणी

होतो. कोंबडी पाऊण तास, बोकड दीड ते दोन तास. अडचण शिट्टीची. शिट्टी झाली की आतला दाब एकदम उतरतो आणि पाणी खळखळतं, मग गढूळ. पहिल्या शिट्टीच्या आत आच अगदी बारीक करा, पुढे एकही शिट्टी होऊ देऊ नका. दाब आपोआप उतरू द्या. आधी उघड्या कुकरमध्ये फेस काढून मगच झाकण. भाज्या अर्ध्याच घाला, बंद भांड्यात त्यांची गोडी जास्त उतरते. क्लिअर सूपसाठी मी कुकर सुचवणार नाही, सॉससाठी चालेल.

भाजी_मंडई

शाकाहाऱ्यांना यात जागा आहे का?

मंद_आच

आहे, पण एक मर्यादा ध्यानात ठेवून. भाज्यांच्या स्टॉकमध्ये जिलेटिन नाही, त्यामुळे तो कितीही आटवला तरी अंग धरत नाही, नुसता गोड आणि खारट होत जातो. मशरूम, भाजलेला कांदा, टोमॅटो यांचा पाऊण तासाचा स्टॉक करा, एक तृतीयांश आटवा आणि दाटपणासाठी रू (लोण्यात भाजलेला मैदा) किंवा आरारूट वापरा. कोबी, फ्लॉवर, सिमला मिरची स्टॉकमध्ये नको, पहिल्या दोहोंचा गंधकाचा वास आणि तिसरीचा कडवटपणा पुढे झाकत नाही.

आता एस्पान्योल. त्याच्या काळात हा सॉस दिवसभर शिजायचा. घरच्या मापात: ब्राउन स्टॉक २ लिटर, लोणी ६० ग्रॅम, मैदा ७० ग्रॅम, परतलेल्या भाज्या १५० ग्रॅम, टोमॅटो प्युरी १५० ग्रॅम. लोणी आधी कढवून त्यातलं पाणी घालवा. मैदा मंद आचेवर भाजा, रंग आणि वास भाजक्या शेंगदाण्याकडे जाईपर्यंत. काळे ठिपके दिसले तर सगळं फेका, तो रू वाचत नाही. तपकिरी रू पांढऱ्यापेक्षा कमी दाट करतो, कारण भाजताना स्टार्च तुटतो. म्हणून मैदा लोण्यापेक्षा थोडा जास्त. गरम रूवर गार स्टॉक किंवा गार रूवर गरम स्टॉक. दोन्ही उकळते घेतले की गुठळ्या. मग अडीच-तीन तास, पातेलं आचेच्या एका कडेला सरकवून. एका बाजूला उकळी राहते, दुसऱ्या बाजूला साय जमते. ती काढत राहायची. मैद्यातली प्रथिनं आणि सुटलेलं लोणी असं बाहेर पडतं आणि सॉस चकाकतो. तो चकाकत नसेल तर हीच पायरी चुकलेली असते. शेवटी साधारण १ लिटर उरेल. त्यात १ लिटर ब्राउन स्टॉक घालून पुन्हा निम्मं केलं की डेमी-ग्लास.

गंमत अशी की, एवढा वेळ मैद्यातला स्टार्च सोडून बाकीचं बाहेर काढण्यात जातो हे त्याला पक्कं माहीत होतं. शुद्ध स्टार्च सहज मिळायला लागला की रूचं काम संपेल, असं त्याने पुस्तकातच लिहून ठेवलंय. आज बहुतेक किचनांत तेच होतं: चार लिटर स्टॉकचा दीड लिटर करायचा, गरज पडली तर लिटरला १५ ग्रॅम आरारूट गार पाण्यात कालवून. घातल्यावर एक उकळी, बस. जास्त उकळलं की पुन्हा पातळ होतं.

तूपसाखर

हॉलंदेझ दर वेळी फुटतं असं लिहिणारे इथे बरेच आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

४ बलक (आपली अंडी लहान, ५० ग्रॅमच्या आसपास), ३० मिली पाणी, २५० ग्रॅम कढवलेलं लोणी, लिंबाचा रस, मीठ. साध्या लोण्यात ८० टक्के स्निग्धांश धरला तर सव्वातीनशे ग्रॅम घ्यावं लागेल. बिनमिठाचं घ्या. साजूक तूप वापरू नका, त्यात दुधाचा भाग खरपूस झालेला असतो, अंड्यावर तोच वास बसतो. लोणी वितळवून पांढरा गाळ खाली बसला की थांबायचं, वरचं पिवळं ओतून घ्यायचं.

बलक आणि पाणी गरम पाण्याच्या पातेल्यावर, वाडग्याचा तळ पाण्याला लागणार नाही असा. फेटत राहा. ६० ते ६५ अंशांना बलक दाट होतो, फेटणीची रेघ क्षणभर टिकते. सत्तरीकडे गेला की भुर्जी. वाडगा हाताला धरवत नसेल तर उचला. मग साधारण ५५ अंशांचं लोणी, आधी थेंबथेंब, पाव भाग गेला की बारीक धारेने.

फुटतं ते तीन कारणांनी. लोणी भराभर घातलं. लोणी किंवा वाडगा गार झाला. किंवा सॉस फार घट्ट झाला आणि लोण्याच्या थेंबांमध्ये पाणीच उरलं नाही. तिसरं कुणाच्या लक्षात येत नाही: घट्ट वाटला की लगेच चमचाभर गरम पाणी घालायचं असतं. फुटलाच तर दुसऱ्या वाडग्यात चमचाभर गरम पाणी घ्या, फुटलेला सॉस थेंबथेंब त्यात फेटा. तरी जमलं नाही तर नवा बलक. भुर्जी झालेला मात्र वाचत नाही. ६० अंशांवर दीड-दोन तास ठेवता येतो, उरलेला टाकून द्यायचा.

खलबत्ता

मापं वगैरे ठीक. पण धाग्याचा सूर जरा आरतीचा होतोय. दोन गोष्टी नोंदवतो.

एक, सॅव्हॉय. मार्च १८९८ मध्ये रिट्झ, त्यांचा सहकारी एशनार आणि एस्कोफिए यांना सॅव्हॉयने काढून टाकलं. जानेवारी १९०० मध्ये तिघांनी कबुलीजबाबावर सह्या केल्या. एस्कोफिएने पुरवठादारांकडून ५ टक्के कमिशन घेतल्याचं मान्य केलं. ८,००० पौंड परत करायचे ठरले, प्रत्यक्षात त्याने भरले ५००. हे सगळं १९८० च्या दशकापर्यंत दडून राहिलं. मालाच्या खरेदीत शेफचा हात ही गोष्ट आपल्या हॉटेलधंद्यालाही परकी नाही, म्हणून ‘त्या काळात चालायचं’ असं म्हणून सोडू नये.

दोन, त्याची व्यवस्था पुरुषांची होती आणि तशीच जगभर गेली. त्याच काळात फ्रान्सच्या लिओँमध्ये ‘मेर’ (आई) म्हणवणाऱ्या बायका स्वतःच्या खानावळी चालवत होत्या. त्यांच्यातल्या युजेनी ब्राझिएला १९३३ मध्ये दोन रेस्तराँसाठी प्रत्येकी तीन मिशलँ तारे मिळाले. किती केटरिंग कॉलेजांत हे नाव घेतात?

मंद_आच

दोन्ही मान्य. भर एवढीच की हिशेबाची दुसरी बाजूही कागदावर आहे. १९१० मध्ये त्याने गरिबी निवारणासाठी परस्पर मदतीची योजना छापली, म्हाताऱ्यांच्या आश्रमांना हॉटेलातलं अन्न जात असे. याने कमिशन धुऊन निघत नाही.

चवीच्या बाजूनेही टीका झालीच. १९७३ मध्ये गो आणि मियो या फ्रेंच समीक्षकांनी नुव्हेल क्विझीनच्या (हलक्या, नव्या फ्रेंच स्वयंपाकाच्या) दहा आज्ञा मांडल्या, त्यात जड ब्राउन आणि पांढरे सॉस नकोत हे स्पष्ट होतं. एस्पान्योल तिथेच मागे पडला. हुद्दे, पास, मिझ आँ प्लास (आधीची सगळी तयारी) यांना मात्र कुणी हात लावला नाही. नुव्हेलवाल्यांची किचनंही त्याच तक्त्यावर चालली.

पाव_किलो

हॉटेलातली लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, मखनी, पालक हे म्हणजे आपले मदर सॉसच ना? ते एस्कोफिएकडून आले का?

केओटी_नं_४

हिशेब तोच: कांदा-टोमॅटोचं एक पातेलं, काजू-मगजचं एक, आणि त्यावरून मेनूकार्डाची चार पानं. पण त्याच्याकडून आले असं म्हणायला आधार नाही. शेकड्यांनी ताटं द्यायची तर कुठलंही किचन आपसूक इथे येतं. तोटाही तोच, सगळ्या भाज्या एकाच चवीच्या लागतात. एस्कोफिए निदान शेवटी त्या-त्या मांसाचा तव्यावर सुटलेला रस सॉसमध्ये मिसळायला सांगतो. आपल्याकडे कोफ्ता आणि पनीर दोघांवर तीच पळी.

अवांतर: त्याच्या पुस्तकात ‘भारतीय पद्धतीचा’ करी सॉस आहे. कांदा, जायपत्री, दालचिनी, जराशी करी पावडर, नारळाचं दूध आणि तितकंच वलूते. गाळून वर क्रीम आणि लिंबू. मालवणात कुणाला सांगू नका.

तूपसाखर

😄 नारळाचं दूध तरी घातलं बिचाऱ्याने.

अर्धी_मूठ

जाता जाता पीच मेल्बाचंही लिहा. लग्नाच्या बुफेत कॅनमधलं पीच, गुलाबी सिरप आणि वर चेरी असं मिळतं ते तेच का?

तूपसाखर

ते नव्हे. नेली मेल्बा ही ऑस्ट्रेलियन गायिका. सॅव्हॉयच्या काळात ती लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात ‘लोहेनग्रिन’मध्ये गात होती. त्या ऑपेरात हंस आहे, म्हणून एस्कोफिएने बर्फाच्या हंसात व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच ठेवून दिले. रासबेरी पुढे कार्लटन उघडल्यावर आली. एवढंच साहित्य. क्रीम नाही, कॉर्नफ्लोर नाही, चेरी नाही. ताज्या हिरव्या बदामांचा हंगाम असेल तर त्यांचे काप चालतात, असं तो म्हणतो.

सहा जणांना: पूर्ण पिकलेली ६ पीच, रासबेरी २५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ते १५० ग्रॅम, चांगलं व्हॅनिला आइस्क्रीम. पीच उकळत्या पाण्यात तीस सेकंद, लगेच बर्फाच्या पाण्यात, साल निघून येतं. अर्धं करून वर थोडी साखर, तासभर फ्रिजमध्ये. रासबेरी कच्च्याच बारीक चाळणीतून दाबून बिया काढा, साखर मिसळा. शिजवू नका, रंग विटकरी होतो आणि वास जॅमचा येतो. मिक्सर जोरात फिरवलात तर बिया फुटून कडवट लागतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारी पीच बऱ्याचदा टणक निघतात. सालासकट अर्धी करून १ लिटर पाणी, ५०० ग्रॅम साखर आणि व्हॅनिलाच्या पाकात ८५ अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा, सुरी सहज जाईपर्यंत. उकळू दिलं तर कडा फाटतात. पाकातच गार करा, साल नंतर काढा, लालसर रंग उतरतो. रासबेरी महाबळेश्वरची हंगामात मिळते, एरवी गोठवलेली. ती चाळणीवर ठेवून वितळू द्या आणि सुटलेलं पाणी वेगळं आटवून परत घाला, नाहीतर प्युरी पीचवरून ओघळून बशीत जाते. स्ट्रॉबेरीवर केलंत तरी छान लागेल, फक्त आंबटपणा कमी पडतो, २५० ग्रॅमला दोन चमचे लिंबू लागेल. आइस्क्रीम खाली, पीच वर, प्युरी देताना. आधी जोडून फ्रीजरमध्ये ठेवलं तर पीचमध्ये बर्फाचे खडे होतात.